मुलाचा दमा कोणाच्या घराण्यातून आला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या असून बारा वर्षांपासून न्यूयॉर्कमध्ये राहतात. त्यांचे पती पोर्तो रिकन, म्हणजे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या, कुटुंबातले आहेत आणि न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात वाढलेले आहेत. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला चौथ्या वर्षापासून दमा आहे आणि गेल्या हिवाळ्यात त्याला दोनदा रुग्णालयात न्यावे लागले. तिथल्या संशोधकांनी निरनिराळ्या वंशांच्या मुलांमधील दम्याच्या जनुकीय अभ्यासासाठी मुलाचे आणि आईवडिलांचे रक्त व लाळ यांचे नमुने मागितले आहेत. लेखिकेच्या आई फोनवर म्हणतात, ‘आपल्या घराण्यात हे कधी नव्हते, तिकडूनच आले.’ हे बोलणे पतींच्या कानावर गेले आणि ते दुखावले. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या लोकांवर पुरेसे प्रयोग झाले, आता रक्त देऊ नका.’ लेखिकेने स्वतः कुठेतरी वाचले आहे की पोर्तो रिकन मुलांना नेहमीच्या पंपाचा गुण कमी येतो, आणि तेव्हापासून पंप देताना त्यांचा हात अडखळतो. दमा नेमका कोणाकडून आला, नमुना द्यावा का आणि त्यातून मुलासाठी योग्य औषध कळेल का, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण पंप देताना हात अडखळतो हे जे वाक्य तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेले नाही, त्याकडे मी आधी वळते, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे आणि या एका गोष्टीला नाही.

तुम्ही वाचले ते खोटे नाही. एस्तेबान बुर्चार्ड या अमेरिकी दमा-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, मेक्सिको सिटी आणि पोर्तो रिको इथल्या दम्याच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात २००४ साली असे दाखवले की अल्ब्युटेरॉलने, म्हणजे भारतात ज्याला आपण साल्ब्युटामॉल म्हणतो त्या औषधाने, पोर्तो रिकन रुग्णांच्या श्वासनलिका मेक्सिकन रुग्णांच्या तुलनेत कमी मोकळ्या होतात. पुढे २०१८ साली याच गटाने पोर्तो रिकन, मेक्सिकन आणि आफ्रिकन अमेरिकन अशा १४४१ मुलांचा संपूर्ण जनुकसंच वाचला. औषधाला सर्वांत चांगला आणि सर्वांत क्षीण प्रतिसाद देणारी मुले त्यांनी मुद्दाम निवडली होती. पण या अभ्यासांतला ‘कमी’ हा शब्द समूहांच्या सरासरीबद्दल आहे. पोर्तो रिकन मुलांमध्ये पंपाने लगेच मोकळी होणारी मुले पुष्कळ असतात आणि मेक्सिकन मुलांमध्येही पंपाला दाद न देणारी काही असतातच. शिवाय कमी गुण येणे म्हणजे गुण न येणे नव्हे. झटका आला की हेच औषध पहिले द्यायचे असते, आणि त्या क्षणी केलेली दिरंगाई जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत आणि लिहून दिलेल्या वेळी पंप द्या. मनात कोणतीही शंका असली तरी द्या, आणि शंका डॉक्टरांपुढे मांडा.

ही शंका पडताळून पाहणे सोपेही आहे. स्पायरोमेट्रीच्या यंत्रात मुलगा जोराने फुंकतो, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते मोजतात, मग पंप देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. नऊ वर्षांचा मुलगा हे सहज करू शकतो, आणि बहुधा त्याने ते केलेलेही असेल. त्याचा जुना अहवाल मागून घ्या. वंशावळीवरून जे अनुमान बांधायचे, ते या अर्ध्या तासात प्रत्यक्ष मोजता येते. मोजलेला प्रतिसाद कमी निघाला तर त्याची कारणेही आधी घरातच शोधावी लागतात : पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी) लावून घेतला जातो का, डबीतले औषध संपले तर नाही ना, आणि मुख्य म्हणजे रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप नेमाने घेतला जातो का. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत इतकी खोल रुजली आहे की शिकलेली माणसेही मुलाला थोडे बरे वाटले की रोजचा पंप बंद करतात. ही सवय नव्हे. श्वासनलिकेची आतली सूज धुमसत राहू नये म्हणून ते औषध असते, आणि ती सूज धुमसत राहिली तर तात्काळ आराम देणारा पंपही थिटा पडतो.

वंशावरून औषध ठरवण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या आजीआजोबांपैकी किमान एक जण कृष्णवर्णीय होता आणि ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता अशा अमेरिकी रुग्णांमध्ये स्टिरॉइडची मात्रा वाढवणे बरे की श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारे औषध जोडणे बरे, हे तिच्यात पाहिले गेले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये जवळजवळ निम्म्यांना एक उपाय अधिक लागू पडला आणि जवळजवळ निम्म्यांना दुसरा. मोठ्यांमध्ये मात्र औषध जोडण्याकडे कल अधिक दिसला. प्रत्येकाच्या जनुकसंचात आफ्रिकी वारसा किती टक्के आहे हेही संशोधकांनी मोजले होते, पण त्या टक्केवारीवरून कोणाला कोणते औषध लागू पडेल हे सांगता आले नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीतही त्याच्याच श्वासाला विचारावे लागेल.

आता आईंच्या बोलण्याबद्दल. त्या काळजीपोटी बोलल्या हे मी जाणते आणि त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ‘आपल्या घराण्यात नव्हते’ या वाक्यावर जरा थांबू या. आपल्या घरांमध्ये दम्याला दमा म्हणण्याची रीत फारशी कधी नव्हतीच. लहानाला ‘बाळदमा’, तो ‘मोठेपणी जातो’. मोठ्याची ‘छाती भरते’, ‘घरघर होते’, ‘थंडी सोसत नाही’. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’. मुलगी लग्नाची असेल तर हे सारे घराच्या चार भिंतींत. म्हणून आईंना ‘दमा होता का’ असे न विचारता, कोण रात्री उठून बसत असे, सुगीत किंवा पावसाळ्याच्या तोंडावर कोणाला धाप लागत असे, कोणाच्या अंगावर लहानपणी इसब होता, असे विचारून पाहा. कोणी निघणार नाही असेही होईल, आणि तेही ठीक आहे. पण मोठ्या आकड्यांकडे पाहिले तर आपला देश या आजारापासून दूर आहे असे म्हणण्याची सोय राहत नाही : जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात असा अंदाज आहे. इतक्या मृत्यूंमागे निदान लांबणे आणि रोजचा पंप न मिळणे किंवा न घेणे हीच मोठी कारणे असल्याचे आपले छातीविकारतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

पतींच्या बाजूचेही तसेच. अमेरिकेतल्या लोकसमूहांमध्ये दम्याचे प्रमाण आणि त्याने होणारे मृत्यू पोर्तो रिकन लोकांत सर्वाधिक आहेत, आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांत ते सर्वांत कमी असणाऱ्यांत मोडते. मुलांमध्ये तर पोर्तो रिकनांतले प्रमाण मेक्सिकनांच्या दुपटीहून अधिक आहे. सरकारी कागदावर मात्र दोघेही एकाच ‘हिस्पॅनिक’, म्हणजे स्पॅनिशभाषक मुलुखांतून आलेल्यांच्या, रकान्यात बसतात. दोन्ही समूहांत युरोपीय, आफ्रिकी आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा वारसा मिसळलेला आहे, फक्त प्रमाण निराळे : मेक्सिकन लोकांत मूळ रहिवाशांचा वाटा मोठा, पोर्तो रिकन लोकांत आफ्रिकी वाटा अधिक. या वाट्यांचा दम्याशी काही संबंध आहे असे अभ्यास सांगतात, पण सारा फरक त्यातून उलगडत नाही. बुर्चार्ड यांच्या गटाच्या अभ्यासांतल्या मुलांमध्ये २०१३ साली असे दिसले की आयुष्याच्या पहिल्या वर्षी हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड जिथे अधिक होता, तिथल्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यताही अधिक होती. तो वायू मुख्यतः वाहनांच्या धुरातून येतो. तुमचे पती ब्राँक्समध्ये वाढले, जिथे वस्त्यांच्या छातीवरून महामार्ग काढले गेले. त्यांच्या नातलगांचा दमा मोजताना त्यात रक्ताचा वाटा किती धरायचा आणि रस्त्याचा किती? वंशाचे नाव आणि पत्ता जिथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदतात तिथे हे वेगळे काढणे फार अवघड जाते.

हे वेगळे काढण्याची एक संधी निसर्गतः दोन समाजांनी दिली, आणि तो अभ्यास मी ज्याला त्याला सांगत असते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले आमिश आणि साउथ डाकोटा राज्यातले हटराइट हे दोन्ही ख्रिस्ती पंथांचे समाज युरोपातून आलेले, आपल्यातच लग्ने करणारे, शेती करणारे आणि जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या खूप जवळचे. मुलांना आईचे दूध पाजणे, मोठी कुटुंबे, आहार, घरात कुत्रीमांजरे नसणे, सारे जवळजवळ सारखे. तरी आमिश मुलांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के. फरक शेतीत होता. आमिश कुटुंबांची छोटी दुभत्या गुरांची शेते, घोड्यांनी केलेली मशागत, आणि गोठ्यात खेळणारी मुले. हटराइटांची मोठी यांत्रिक शेते, आणि मुले गोठ्यापासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंचा एंडोटॉक्सिन नावाचा घटक हटराइट घरांच्या तुलनेत जवळजवळ सात पट निघाला, आणि ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली तेव्हा त्यांचे दम्यासारख्या विकारापासून रक्षण झाले. याचा अर्थ मुलाला गोठ्यात न्या असा नाही. दमा एकदा झाल्यावर धूळ त्याला त्रासच देईल. पण वारसा जवळजवळ एक असूनही दमा चौपट होऊ शकतो, हे ‘तिकडूनच आले’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने, ते तिकडचे असोत की इकडचे, ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

मग जनुकांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि भरपूर आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दम्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले आहे. मात्र एकच बिघडलेले जनुक आईकडून किंवा वडिलांकडून आले आणि दमा झाला असे बहुतेकदा घडत नाही. शेकडो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांची ती बेरीज असते, आणि ते फरक मूल दोघांकडून घेते. तुमचा मुलगा निम्मा तुमचा आहे. त्याच्या दम्यातला तुमचा वाटा शून्य असण्याचे कारण नाही, तो किती आहे हे सांगणारी चाचणीही आज नाही. ‘मिश्र रक्त’ हा शब्द पत्रात तुम्ही मुलासाठी वापरला आहे, म्हणून एक गोष्ट सांगते : भारतीय लोकसमूहांच्या जनुकांवरून असे दिसते की निरनिराळ्या पूर्वजसमूहांची इथे सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी सर्वदूर सरमिसळ झाली आणि जातीच्या आत लग्ने करण्याची रीत त्यानंतर घट्ट झाली. सांगलीकडचे रक्तही मिश्रच आहे, फक्त मिश्रण जुने आहे.

नमुना द्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘द्यावा’ असे आहे, पण काही गोष्टी विचारून घेतल्यावर आणि पती मनापासून तयार असतील तरच. ‘द्यावा’ का म्हणते ते आधी सांगते. २००९ साली पाहणी केली तेव्हा आजारांच्या जनुकीय शोधांमध्ये सामील झालेल्या लोकांपैकी ९६ टक्के युरोपीय वंशाचे होते. २०१६ सालीही ते प्रमाण ८१ टक्के होते. याचे परिणाम दम्यात स्पष्ट दिसले. २००७ साली सतराव्या गुणसूत्रावरच्या एका भागाचा लहानपणच्या दम्याशी असलेला संबंध उघड झाला आणि तो युरोपीय वंशाच्या मुलांत पुन्हा पुन्हा पक्का ठरला, पण आफ्रिकन अमेरिकन मुलांत तो क्षीण निघाला. उलट २०११ साली अनेक समूहांचा एकत्रित अभ्यास झाला तेव्हा आफ्रिकी वंशाच्या लोकांतच दिसणारा एक निराळा दुवा हाती लागला, जो युरोपीय लोकांपुरते पाहत राहिले असते तर सापडलाच नसता. ज्यांचे नमुने नाहीत त्यांच्यासाठी पुढे होणारी भाकिते आणि औषधेही अर्धीकच्ची राहतात.

आणि तुमच्या मुलासारखी मुले तर दुहेरी वगळली गेली आहेत. बुर्चार्ड यांच्याच गटाने लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात मुलाचे चारही आजीआजोबा लॅटिनो असणे आवश्यक होते. आफ्रिकन अमेरिकन मुलांच्या अभ्यासातही तशीच अट होती. अशी अट घालण्यामागे शास्त्रीय कारण होते आणि त्या अभ्यासांनी मोठे काम केले, पण ज्याचे दोन आजीआजोबा सांगलीचे आणि दोन पोर्तो रिकोचे, त्याला तिथे जागा नव्हती. म्हणून संशोधकांना हे थेट विचारा, की आमच्या मुलाची नोंद कोणत्या गटात होईल, आणि मिश्र वारशाची मुले शेवटच्या विश्लेषणात धरली जातात की बाजूला काढली जातात? उत्तर ‘बाजूला काढतो’ असे आले तर नऊ वर्षांच्या मुलाला सुई टोचण्याचे कारण उरत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र निराश करणारे आहे. या अभ्यासातून तुमच्या मुलाला कोणते औषध लागू पडेल हे कळणार नाही. असे अभ्यास हजारो मुलांचे नमुने एकत्र पाहतात. त्यांची फळे अनेक वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच मुलांना मिळतात. नमुना देणे हे दान आहे, तपासणी नव्हे. हे मनाशी पक्के केले तर पुढे निकालाची वाट पाहत बसण्याचा त्रास होणार नाही, आणि त्याची रोजची औषधे त्या निकालासाठी खोळंबणार नाहीत.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी भीती म्हणणार नाही. ती आठवण आहे. गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी १९५६ साली पोर्तो रिकोतच सुरू झाली होती, आणि आपण चाचणीचा भाग आहोत हे तिथल्या अनेक बायकांना नीट सांगितलेही गेले नव्हते. रक्ताच्या नमुन्यांचे असे उदाहरणही अमेरिकेत घडले आहे : अ‍ॅरिझोनातल्या हावासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त मानसिक आजार आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठीही वापरले गेले, जमातीने दावा लावला, आणि २०१० साली तडजोड होऊन नुकसानभरपाईबरोबर उरलेले नमुने परत मिळाले. म्हणून सासूबाईंना समजावण्याऐवजी त्यांचा प्रश्न संशोधकांपुढे न्या, शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. नमुना फक्त दम्यासाठी वापरला जाईल की इतर अभ्यासांसाठीही, तो कोणाकोणाला दिला जाईल, किती वर्षे ठेवला जाईल, आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचारले जाईल का, हे संमतिपत्रात लिहिलेले दाखवायला सांगा. माघार घेण्याचा हक्क केव्हाही असतो, पण माघारीनंतर नमुना नष्ट करता आला तरी इतरांना आधीच पोचलेली माहिती परत आणता येत नाही. हेही आधीच समजून घ्या. संमतिपत्र घरी आणून शांतपणे वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते स्पॅनिशमध्ये मागण्यात कमीपणा नाही.

विम्याची चिंता तुम्ही ओझरती लिहिली आहे. अमेरिकेत २००८ सालच्या संघीय कायद्याने जनुकीय माहितीवरून आरोग्यविमा नाकारायला किंवा नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे, पण आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्या संरक्षणात येत नाहीत. मुलाला दमा आहे ही नोंद त्याच्या वैद्यकीय कागदांत आधीच आहे, त्यामुळे दम्यापुरता नव्याने फारसा धोका वाढत नाही. तरी अभ्यासात चुकून दुसऱ्या आजाराचा दुवा सापडला तर तुम्हाला कळवायचे की नाही, हे संमतिपत्रातच ठरवून द्या. आणि मुलालाही विचारा. त्या वयाच्या मुलाचा होकार घेण्याची पद्धत तिथे आहेच, पण संशोधकांनी विचारण्याआधी आईवडिलांनी त्याला विचारणे निराळे. तो ‘नको’ म्हणाला तर नको.

आणखी एक बाब तुमच्या पत्रात नव्हती, पण दक्षिण आशियाई आणि मिश्र कुटुंबांना ती हमखास भेटते, म्हणून सांगते. स्पायरोमेट्रीचा अहवाल ‘अपेक्षित आकड्याच्या किती टक्के’ असा येतो, आणि तो अपेक्षित आकडा अनेक वर्षे वंशाप्रमाणे बदलत असे. २०१२ सालच्या जागतिक समीकरणांत गोरे, आफ्रिकन अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई असे गट होते. भारतीय उपखंडाचा गटच नव्हता, आपण ‘इतर’मध्ये. काही समूहांची फुप्फुसे जात्याच लहान असे गृहीत धरल्याने त्यांचा खरा आजार ‘त्यांच्यासाठी ठीक’ म्हणून झाकला जाण्याची भीती होती. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने वंशाचा रकाना काढून सर्वांसाठी एकच समीकरण वापरण्याची शिफारस केली. पण यंत्रे आणि सवयी लगेच बदलत नाहीत. मुलाच्या अहवालाच्या कोपऱ्यात कोणता वंश लिहिला आहे ते पाहा, आणि दोन अहवालांत तो निराळा निघाला तर त्यांच्या टक्केवारीची तुलना करू नका. लिटरमधला आकडा पाहा आणि त्याची उंची किती वाढली ते लक्षात घेऊन डॉक्टरांकडून अर्थ समजून घ्या.

आईंशी बोलाल तेव्हा पतींसमोर बोला, आणि दोष कोणाचा हे ठरवायला बसू नका. त्यांना कामच द्या : माहेरच्या तीन पिढ्यांत कोणाला धाप, इसब, सततची सर्दी होती ते त्यांनी आठवून लिहावे. सासूबाईंनीही त्यांच्या बाजूचे लिहावे. डॉक्टरांना जनुकचाचणीपेक्षा आज हा कागद अधिक उपयोगी पडेल. पुढच्या भेटीला तो कागद, दोन्ही पंप आणि स्पेसर बरोबर न्या, झटका आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचे ते लेखी मागून घ्या आणि त्याची एक प्रत शाळेत द्या. आणि परिचारिकेसमोर मुलालाच एकदा स्वतःच्या हाताने पंप घेऊन दाखवू द्या.